पावसाळ्यानंतर एमटीबीची अवस्था: चेन, ब्रेक, सराटे आणि टेकडीची वाट

रानवारा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मे महिन्यात हौसेनं एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक घेतली. हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), २९ इंची चाकं, पुढे १०० मिमी दबणारा फोर्क (चाक धरणारा दुहेरी दांडा), मागे नऊ गियर, दोन्हीकडे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. माझं वजन ७८ किलो. राहायला पुण्यात कोथरूडला, त्यामुळे आठवड्यातून तीन सकाळी वेताळ टेकडी आणि रविवारी खडकवासल्याच्या पुढे डोणजे, गोळेवाडी, जमलं तर सिंहगडाचा घाट. पावसाळ्यात एकही रविवार चुकवला नाही. भिजलेली टेकडी, धुकं, मोरांचे आवाज, हे सगळं सांगत बसलो तर मूळ प्रश्नच राहून जाईल.

आता सायकलची अवस्था ऐका. चढाला उभं राहून पायडल मारलं की चेन दात्यांवरून उडते. मागचा ब्रेक असा किंचाळतो की पुढे चालणारी माणसं दचकून कडेला होतात. पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली ‘कट्’ असा आवाज येतो. आणि चार महिन्यांत अकरा पंक्चर, त्यातली नऊ काट्यांची.

दुकानात दाखवली तर त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं की चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्या), ब्रेकचे पॅड, हेडसेट (हँडल फिरतं तिथली बेअरिंगं), सगळं बदलावं लागेल. सायकल जेमतेम पाच महिन्यांची आहे! खरोखर काय बदलायला हवं आणि काय नुसतं साफ करून चालेल, हे मला स्वतःला कळायला हवं आहे. आणि टायर ट्यूबलेस, म्हणजे ट्यूब काढून आत भोकं बुजवणारं पातळ सीलंट घालून, करून घेऊ का?

चक्रधर | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

चेनपासून सुरुवात करा. एक रुपया खर्च न करता कळेल.

मुलांच्या दप्तरातली नको, स्टीलची बारा इंची पट्टी घ्या. चेन सायकलवरच असू द्या, पायडलवर जरा दाब देऊन वरची बाजू ताठ करा. पट्टीच्या शून्याची रेघ एका पिनेच्या बरोबर मध्यावर धरा. पिनेपासून पिनेचं अंतर अर्धा इंच, म्हणून नव्या चेनीत १२ इंचांच्या रेघेवर पुन्हा एका पिनेचा मध्य येतो. ती पिन रेघेच्या पुढे १/१६ इंच सरकलेली दिसली की चेन बदलायची वेळ झाली. तेवढ्यावर बदललीत तर कॅसेट वाचते. १/८ सरकली असेल तर कॅसेटचे दातेही त्याच मापानं झिजलेले असतात. मग नवी चेन टाकली तरी ती उडणारच, दोन्ही बदलावं लागतं.

चेन ‘ताणली’ म्हणतात, पण पट्ट्या काही लांबत नाहीत. पिन जिथे फिरते तिथे तेलात कालवलेली बारीक वाळू शिरते आणि पिन आतून खाते. एकशे दहा-बारा पिना, प्रत्येक केसभर झिजली की सगळी बेरीज तुम्हाला पट्टीवर दिसते.

आंबोळी | ६ ऑक्टोबर, रात्री १०:२२

वाचनखूण साठवली. पट्टी शोधते आहे.

जुना_पान्हा | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

तो ‘कट्’ आवाज हेडसेटचा आहे का ते आधी बघा, मग बदलायचं बोला. मी साताऱ्यात सव्वीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. तेव्हा एमटीबी नव्हत्या, पण हँडलच्या वाट्या आणि छर्रे तेव्हाही होते.

सायकल जमिनीवर उभी करा. पुढचा ब्रेक घट्ट दाबून धरा. दुसऱ्या हाताची बोटं हँडलखाली, फ्रेम आणि फोर्क जिथे मिळतात त्या फटीवर ठेवा. आता सायकल पुढे-मागे हलवा. फटीत हालचाल लागली तर हेडसेट ढिला. तो कसायचा, बदलायचा नाही. आधी हँडलच्या गळ्याचे आडवे दोन बोल्ट सैल करायचे, मग वरच्या टोपीचा बोल्ट हळूहळू कसायचा, खेळ गेला की थांबायचं, मग आडवे बोल्ट पुन्हा कसायचे. पुष्कळ लोक आडवे सैल न करताच वरचा बोल्ट पिळतात आणि आटे खराब करतात. वरच्या टोपीचं काम फक्त खेळ काढायचं, हँडल धरून ठेवतात ते आडवे बोल्ट.

फटीत हालचाल नसेल तर पुढचं चाक उचलून रिंग दोन बाजूंनी हलवून बघा. तिथे खेळ असेल तर हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, कोन ढिले झालेत. कोनसुद्धा फार आवळू नका, छर्रे फुटतात.

पावसाळा संपल्यावर एकदा सायकल पूर्ण ओव्हरऑईल करायची आमची पद्धत होती. जुनं ग्रीस खरडून काढायचं, वाट्या कोरड्या पुसायच्या, नवीन ग्रीस. दसऱ्याला पूजा असायचीच, त्याच्या आदल्या दिवशी दुकानासमोर रांग लागायची.

रानवारा | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

काका, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळी दोन्ही करून बघतो आणि कळवतो.

पांढरी_माती | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

अकरा पंक्चरवाल्या दादा, आधी काट्याची जात ओळखा. बाभळीचा काटा लांब, सरळ, टायरच्या आरपार जातो आणि मोडून आत राहतो. बाहेरून दिसत नाही. ट्यूब बदलली तरी दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते आणि माणूस नशिबाला दोष देतो. टायरच्या आतून बोट फिरवायचं, पण सावकाश, मी एकदा तर्जनी फाडून घेतली आहे. जुना मोजा हातात घालून फिरवला तर काटा मोज्याला अडकतो.

दुसरा सराटा. आमच्याकडे अकोल्याला पावसाळा संपला की रिकाम्या प्लॉटवर, रस्त्याच्या कडेला पिवळ्या बारीक फुलांचा वेल जमिनीला चिकटून पसरतो. फळ वाळलं की त्याचे काटेरी तुकडे सुटे होतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर. लहानपणी आम्ही चपलेचे तळवे उलटे करून पिनेनं सराटे काढायचो, एका चपलेत वीस-पंचवीस सहज. तुमची चाकं ऑक्टोबर-नोव्हेंबरात कडेच्या गवतात घालू नका. सायकल आडवी पाडून फोटो काढायची सवय असेल तर आधी जमीन बघा.

बे_एरियातला | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:४५

पांढरी_माती, तुमचा सराटा वाचून अंगावर काटा आला. इथे कॅलिफोर्नियात त्याला गोटहेड म्हणतात, वनस्पती तीच, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. अमेरिकेच्या पश्चिम भागात ती बाहेरून आली आणि रुजली. इथल्या सायकलवाल्यांची ती मोठी डोकेदुखी आहे. मी पहिल्यांदा इथल्या वाटेवर टायरमधून तो तुकडा उपटला तेव्हा बघत राहिलो, हा तर आमच्या पंढरपूरच्या मैदानातला!

इथे निम्म्याहून जास्त ओळखीचे लोक ट्यूबलेसवर आहेत ते याच्याचमुळे. सराट्याचं भोक बारीक असतं. चाक फिरतं तसं आतलं सीलंट तिथे येऊन गोठतं आणि भोक बंद होतं. मी एका टायरमधून चौदा काटे काढलेत, हवा दोन पीएसआयनं (दाबाचं माप) उतरली फक्त.

घाटमाथा | ७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

ट्यूबलेसच्या कौतुकात दुसरी बाजूही मांडतो. तीन वर्षं वापरून मी पुन्हा ट्यूबवर आलो.

सीलंटमधलं पाणी आपल्या उन्हाळ्यात उडून जातं. बाटलीवर सहा महिने लिहिलेलं असलं तरी एप्रिल-मेमध्ये गच्चीखाली उभ्या सायकलीत माझं दोन-अडीच महिन्यांत वाळून रबराचे गोळे झाले होते. आत सीलंट नाही हे वाटेवर काटा लागल्यावरच कळतं. तेव्हा ट्यूब घालायची तर व्हॉल्व्ह काढा, चिकट टायर सोडवा, आत रुतलेले जुने काटे शोधा. ताम्हिणीच्या पुढे भर पावसात मी हे दीड तास केलं. शिवाय रिम ट्यूबलेसची नसेल तर टेप लावूनही टायर नीट बसेलच असं नाही, आणि साध्या पायपंपानं बसतही नाही.

जाड ट्यूब, बरोबर हवा, दोन पॅच, एक जादा ट्यूब. मला एवढं पुरतं.

चक्रधर | ७ ऑक्टोबर, दुपारी २:००

घाटमाथा, दोन-अडीच महिन्यांनी व्हॉल्व्हमधून ५०-६० मिली टाकायला पाच मिनिटं लागतात हो. व्हॉल्व्हचा गाभा काढायचा, बारीक काडी आत घालून बघायची. काडी ओली आली तर आहे, कोरडी आली तर भरा. ज्याला एवढं जमणार नाही त्यानं ट्यूबवर राहावं, हे मात्र मान्य.

एक सांगायचं राहिलं. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या कॅननं हवा भरत असाल तर लॅटेक्सचं सीलंट त्या थंडीनं आतच गोठू शकतं. घरी आलं की तपासा.

जास्वंद | ७ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

कुणी हवेबद्दल विचारलंच नाही! रानवारा, हवा किती ठेवता?

रानवारा | ७ ऑक्टोबर, सायंकाळी ५:०५

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यांकडे भरतो. अंगठ्यानं दाबून टणक लागेपर्यंत. बहुतेक ५५-६० असावी.

जास्वंद | ७ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४०

सापडलं. मी ५४ किलोची. माझ्या २.२५ इंच रुंदीच्या टायरमध्ये ट्यूबसकट पुढे २४, मागे २७ पीएसआय. टेकडीवर मुरमाची खडी कातळावर मोकळी पसरलेली असते, अगदी हरभरे सांडल्यासारखी. टणक टायर त्या खड्यांवर बसतच नाही, त्यांच्यावरून घरंगळतो. हवा कमी केली की टायर दबतो, खडा रबरात बुडतो आणि पकड मिळते. मनगटं दुखायची थांबतात ते वेगळंच. टणक टायरात काटासुद्धा जास्त जोरानं घुसतो असा माझा अनुभव.

पण ट्यूब असताना फार कमी केलीत तर दगडाच्या धारेवर रिंग आपटते आणि ट्यूब मध्ये चिरडते. शेजारी शेजारी दोन उभ्या चिरा दिसल्या तर तो काटा नव्हे, कमी हवा. तुम्ही ७८ किलोचे, तर मागे ३३-३४, पुढे ३० पासून सुरू करा आणि दर फेरीला एक-दोननं उतरवत जा. हवा मोजायला पंपावरचा काटा हवाच, अंगठा तुम्हाला फसवतो.

रानवारा | ७ ऑक्टोबर, रात्री ११:१५

पुढे ३०, मागे ३४ करून संध्याकाळी तासभर फिरलो. एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) बाजूच्या ज्या उतारावर मी रोज पाय टेकवायचो तिथे आज टेकवला नाही. चार महिने मी काय करत होतो!

चेन मोजली. पिन रेघेच्या पुढे आहे. १/१६ पेक्षा नक्की जास्त, १/८ ला जेमतेम टेकते.

आणि काका, हेडसेटच होता. दोन्ही आडवे बोल्ट इतके सैल होते की बोटानं फिरले. कसले, आवाज गेला. अंगावर सर्रकन शहारा आला, कारण गेल्या रविवारी मी त्याच हँडलवर घाट उतरलो होतो.

जुना_पान्हा | ८ ऑक्टोबर, सकाळी ५:५०

देवाची कृपा. दर रविवारी निघण्याआधी ॲलन कीचा संच घेऊन हँडलचे, सीटचे, क्रँकचे (पायडल बसतात त्या दांड्यांचे) बोल्ट हातानं तपासा. पायडलचेही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेनं कसायला गेलात तर तो सुटेल.

मीठगर | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

ब्रेकवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी रत्नागिरीचा. आमच्याकडे जांभा, लाल चिखल आणि खारा वारा. पावसात सड्यावरून महिनाभर फिरलो तर रेझिनचे पॅड संपतात, कारण लाल पाण्यात बारीक कण असतात आणि डिस्क-पॅडमध्ये ती घासणी चालूच राहते.

किंचाळण्याची कारणं दोन. पॅड संपून पत्रा डिस्कला लागतोय, किंवा पॅडला तेल लागलंय. चाक काढून पॅड बाहेर काढा. पॅडवरचा मसाला (घासणारा थर) अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आला असेल तर फेकून द्या. मसाला भरपूर आहे पण पृष्ठभाग काळा, काचेसारखा चमकतोय, तर तेल. चेनला स्प्रेनं तेल मारता का? तो फवारा उडून थेट मागच्या डिस्कवर जातो. म्हणूनच बहुतेकांचा मागचाच ब्रेक ओरडतो.

डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसा. पॅड बारीक पॉलिश पेपरवर घासून बघा. तेल खोल मुरलं असेल तर घासून उपयोग नाही, नवे घ्या. पावसाळ्याकरता सिंटर्ड, म्हणजे धातूचे पॅड जास्त टिकतात, पण तुमची डिस्क ते चालणारी आहे का ते बघा, स्वस्त डिस्कवर ‘फक्त रेझिन’ असं कोरलेलं असतं. नवे पॅड टाकल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन हळूहळू ब्रेक लावत पंधरा-वीस वेळा दमवा, पूर्ण थांबू नका. न दमवता थेट घाटात गेलात तर पुन्हा ओरडतील.

चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका. पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येऊन चिकटतात, मग डिस्क आत जात नाही. मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवा.

आंबोळी | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

मी कोल्हापूरहून एसटीच्या टपावर सायकल टाकली होती, पुढचं चाक काढून. कुणीतरी लिव्हर धरून उचलली. आंबोलीत उतरल्यावर पिस्टन बंद! चहावाल्या मावशींच्या उलथन्याला फडकं गुंडाळून हळूहळू मागे ढकलले. त्यांनी उलथनं परत घेताना ‘घासून दे’ म्हटलं.

रानवारा | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

मीठगर, तुम्ही समोर उभे राहून बघितलंत का? चेनला स्प्रेच मारतो. दर रविवारी. भरपूर.

चक्रधर | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:००

भरपूर तेलानंच चेन लवकर गेली. तेल आतल्या पिनेला हवं, बाहेरच्या पट्ट्यांना नको. बाहेरचं तेल धूळ धरून ठेवतं आणि काळी पेस्ट बनते.

माझी पद्धत: फेरीहून आल्यावर बादलीभर पाणी, मऊ ब्रश, चिखल वाळायच्या आत धुणं. गाड्या धुतात तिथे प्रेशरनं कधीही नाही, हब आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकचा आस फिरतो ती जागा) पाणी शिरून ग्रीस जातं. चेन महिन्यातून एकदा क्विक लिंक (चेनची उघडता येणारी कडी) सोडून डिझेलच्या डब्यात हलवतो, तळाशी बारीक चमचमणारी रेती बसते ती बघण्यासारखी असते. मग साबणाचं पाणी, मग उन्हात पूर्ण कोरडी. मग प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब, पायडल उलटं फिरवत. रात्रभर राहू द्या. सकाळी फडक्यानं बाहेरून इतकी पुसा की बोट काळं होता कामा नये. पावसात चिकट, ओल्या हवेचं तेल. दिवाळीनंतर धूळ सुरू झाली की कोरडं किंवा मेणाचं.

बे_एरियातला | ८ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

ग्रीसवरून आठवलं, अवांतर आहे पण सांगतोच. माझ्या घरापासून दीडेक तासावर, मरिन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ ‘रीपॅक’ नावाची मातीची वाट आहे. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे उतारावरची पहिली शर्यत झाली. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी तिथली. सायकली कसल्या, तर जुन्या, जाड टायरच्या, पायडल उलटं दाबून ब्रेक लागणाऱ्या. उतारभर ब्रेक दाबून मागचा हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरायला लागायचं, पुन्हा पॅक करायचं. त्यावरूनच वाटेचं नाव पडलं. पुढे वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकिंग आलं.

जुना_पान्हा काकांची दसऱ्याची रांग वाचून मला ते उघडे हब दिसले.

जुना_पान्हा | ८ ऑक्टोबर, दुपारी १:१५

उलट्या पायडलाच्या ब्रेकच्या सायकली मीही उघडल्या आहेत. जळलेल्या ग्रीसचा वास तोच असणार.

सकाळचा_फेरा | ८ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४५

मी सायकल चालवत नाही. वेताळ टेकडीवर बावीस वर्षं रोज चालतो. धागा पूर्ण वाचला, तुम्ही मंडळी तुमच्या यंत्राची किती मनापासून काळजी घेता ते दिसलं. म्हणून तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

खाणीच्या वरच्या अंगाला एक पायवाट आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं बाजूला व्हावं इतकी अरुंद होती. यंदाच्या पावसाळ्यात ती ठिकठिकाणी चार-पाच फुटांची झाली. डबकं आलं की सायकली कडेच्या गवतावरून जातात, गवत मरतं, तिथेही चिखल होतो, मग आणखी कडेनं. उतारावर मागचं चाक अडकवून घसरत येतात, तिथे पन्हळ पडते. जुलैत पडलेल्या पन्हळीतून ऑगस्टमध्ये पाणी वाहायला लागलं आणि आता तिथे गुडघाभर घळ आहे. माझ्या बरोबरच्या एक वहिनी काठी घेऊन चालतात, मागून आवाज न देता सायकल आली आणि त्या निवडुंगावर गेल्या. टेकडीवर सायकली बंदच कराव्यात या मताला मी आलो होतो.

घाटमाथा | ८ ऑक्टोबर, सायंकाळी ७:२०

काका, तुमचा राग समजतो, पण बंदी हा उपाय नाही. चालणाऱ्यांनीही वाटा रुंद होतातच. आणि बेदरकार चालवणारे मूठभर आहेत.

जास्वंद | ८ ऑक्टोबर, रात्री ८:१०

घाटमाथा, मला काकांचं म्हणणं पटतं. ती घळ मी पाहिली आहे. मुरूम म्हणजे कुजलेला बेसॉल्ट. उन्हाळ्यात तो दगडासारखा घट्ट बसलेला असतो, पण पाणी मुरलं की चाकाखाली सुटा होतो. एकदा सुटला की पुढची सर त्याला खाली घेऊन जाते आणि तो परत वर येत नाही. माणसाच्या पावलाचा ठसा तुटक असतो, चाकाचा चर सलग. पाण्याला सलग चर मिळाला की काम सोपं होतं.

आम्ही सात-आठजण यंदा जुलैपासून एक गोष्ट पाळतो. वाटेवर बूट दाबून बघायचा. ठशात पाणी साठलं तर त्या दिवशी टेकडी नाही. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस तरी जाऊ द्यायचे. डबकं असेल तर त्याच्या मधून, बाजूनं नाही, चिखल अंगावर उडाला तरी. उतारावर चाक अडकवायचं नाही, दोन्ही ब्रेक थोडे थोडे. चालणारं कुणी दिसलं की लांबूनच घंटी आणि मग पाय टेकून ‘या काका, तुम्ही व्हा पुढे’. शिवाय वनखात्याची हद्द कुठे, कोणत्या वाटेवर मनाई आहे, ते आधी विचारून घ्यायचं.

काका, त्या वहिनींना लागलं का फार?

सकाळचा_फेरा | ८ ऑक्टोबर, रात्री ८:५५

हाताला काटे गेले, बाकी ठीक आहेत. विचारलंत, बरं वाटलं.

मोगरा_नाशिक | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:००

थोडं विषयांतर. मुलगी बारा वर्षांची, तिला पांडवलेण्यांच्या बाजूच्या मातीच्या रस्त्यांवर माझ्याबरोबर यायचंय. दुकानात दोन्हीकडे स्प्रिंगची, डबल सस्पेन्शनवाली दाखवतात, दिसायला जबरदस्त, किंमतही बेताची. घेऊ का?

चक्रधर | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

ताई, घेऊ नका. त्या किमतीत मागे नुसती स्प्रिंग असते, तिला आवरणारं आतलं तेलाचं डॅम्पिंग नसतं. दाबली की उसळी मारते. पायडल मारलेला बराच जोर स्प्रिंग वरखाली करण्यात जातो. लोखंडी फ्रेम, वजन लेकीच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत जातं. चढावर ती रडकुंडीला येईल आणि तिला वाटेल आपल्यालाच जमत नाही. साधा फोर्क, हलकी ॲल्युमिनियमची फ्रेम, जाड टायर, ब्रेकचा लिव्हर तिच्या बोटांना पोचतो ना ते दुकानातच बघा. लिव्हर जवळ आणायला बारीक स्क्रू असतो.

मोगरा_नाशिक | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

लिव्हरचं कधी डोक्यातच आलं नसतं. आभारी आहे.

पांढरी_माती | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:००

बाजूनं टायर फाटला तर काय करता? सीलंट तिथे चालत नाही, ट्यूब घातली तर फटीतून फुगा बाहेर येतो.

घाटमाथा | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:२५

दहाची नोट चौघडी करून फटीच्या आतून लावायची, वर ट्यूब, हवा जरा कमी. मी मुळशीहून घरी आलोय तसा. आणि ट्यूबच संपल्या तर टायरमध्ये वाळलं गवत गच्च कोंबायचं, सात-आठ किलोमीटर हळूहळू निघतात. सराटे नसलेलं गवत!

पांढरी_माती | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

😀 आमच्याकडे असं गवत मिळणं कठीण.

रानवारा | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३०

दोन दिवस पार्किंगमध्ये बसून सगळं केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

चेन आणि कॅसेट बदलली. १/८ ला टेकली होती, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. जुनी चेन डिझेलमध्ये हलवली तेव्हा तळाशी खरोखर चिमूटभर रेती बसली, लेकाला बोलावून दाखवली. पुढच्या चकत्यांचे दाते सरळ आहेत, करवतीसारखे कललेले नाहीत, म्हणून त्या ठेवल्या. हेडसेट नुसता कसला. मागचे पॅड काळे, चमकदार निघाले, मीठगर म्हणाले तस्सेच. पॉलिश पेपरवर घासून भागलं नाही, नवे टाकले, रात्री मोकळ्या रस्त्यावर वीस वेळा दमवले. आता ब्रेकचा आवाजच नाही. दुकानानं सांगितलेल्या खर्चाच्या निम्म्याहून कमी झाला.

टायरमधून मोजा फिरवला तर बाभळीचे तीन तुकडे अडकले. तीनही मागच्या टायरमध्ये, एकमेकांपासून वीतभर अंतरात. म्हणजे माझ्या अकरा पंक्चरांपैकी कितीतरी याच काट्यांची असणार. ट्यूबलेस सध्या नाही. हवा ३० आणि ३४.

आणि सकाळचा_फेरा काका, जुलैतल्या त्या चिखलात मी होतो. खाणीवरच्या वाटेनं, डबक्यांच्या कडेनं, आठवड्यातून तीनदा. मागचं चाक अडकवून त्या उतारावरून घसरतही आलोय. वहिनींच्या मागून आलेला मी नव्हे, पण वाट रुंद करणाऱ्यात नक्की होतो. जी रेती माझ्या चेनीत सापडली ती त्याच वाटेची. मला तुमच्याबरोबर एकदा पायी यायचं आहे. ती घळ दाखवाल का? दगड रचून पाणी बाजूला काढता येईल का, आणि त्याला वनखात्याची परवानगी कशी मिळेल, ते जास्वंद यांना माहीत असेल.

सकाळचा_फेरा | १२ ऑक्टोबर, सकाळी ५:१५

या. मी पावणेसहाला पुण्यातल्या पंचवटीच्या बाजूनं चढतो. काठीवाल्या वहिनीही असतात.

जास्वंद | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

परवानगीचा अर्ज मी लिहिते. तिथले वनरक्षक सकाळी वर भेटतात, आधी त्यांना जागा दाखवू. मनाला येईल तसे दगड रचले तर पाणी भलतीकडे फुटतं.

आंबोळी | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:००

माझी चेन १/१६ वर आहे. कॅसेट वाचली! चक्रधर, धन्यवाद.

घाटमाथा | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

रानवारा, नवे ब्रेक तपासायला रविवारी सिंहगडाला येताय का? मी टेकडीवरून खाली उतरून तुम्हाला घेतो.

रानवारा | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

शनिवारी पाऊस सांगितलाय. टेकडी नको, डांबरीनंच भेटू. साडेपाचला, वारज्याच्या पुलाखाली.